दरवर्षी नाताळला एक ख्रिस्ती

१९ डिसेंबर १९३८ रोजी लंडनच्या कॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने अगाथा ख्रिस्ती यांची ‘हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस’ ही कादंबरी प्रसिद्ध केली. नाताळ सहा दिवसांवर आला होता. पुस्तकात वर्ष मात्र १९३९ छापलेले होते. छापखान्याच्या हिशेबाने ते पुढच्या सालचे पुस्तक होते, पण दुकानात त्याला याच नाताळच्या आधी पोहोचायचे होते. बरोबर पंचाण्णव वर्षांपूर्वी, १८४३ च्या १९ डिसेंबरलाच, चार्ल्स डिकन्स यांचे ‘अ ख्रिसमस कॅरल’ बाहेर पडले होते. तारीख जुळली हा योगायोग. महिना जुळला हा नव्हे. इंग्लंडात डिसेंबर म्हणजे दुपारी चारच्या सुमारास पडणारा अंधार, पेटलेली शेगडी, घरात जमलेले नातेवाईक आणि कुणाला तरी भेट म्हणून द्यायचे एक पुस्तक.

दिवाळी अंकाच्या वाचकाला हे नवे वाटू नये. शेरलॉक होम्स पहिल्यांदा वाचकांसमोर आला तो १८८७ च्या ‘बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल’ या नाताळ अंकातून. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हा असेच इंग्रजी नाताळ अंक त्यांच्या डोळ्यांपुढे होते असे मानले जाते. म्हणजे सणाच्या निमित्ताने वर्षातून एकदा वाचनाचा फराळ मांडण्याची आपली रीत आणि होम्सचा जन्म यांचे कूळ फार लांबचे नाही.

या रीतीला एका लेखिकेने आपले सगळे आयुष्य जोडून घेतले. ‘नाताळला एक ख्रिस्ती’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ प्रकाशकांनी रूढ केली आणि वाचकांनी ती इतकी मनावर घेतली की ख्रिस्तीबाईंचे नवे पुस्तक नसलेला नाताळ अनेक घरांना अपुरा वाटू लागला. वाचकाला दिसे ते वर्षाच्या शेवटी येणारे पुस्तक. त्या पुस्तकामागे उरलेले अकरा महिने कसे जात, या ठरलेल्या ऋतुचक्राने बाईंना काय दिले आणि अखेरीस काय मागितले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘कोझी’ म्हणजे काय?

ख्रिस्तीबाईंना आज ‘कोझी मिस्ट्री’ या प्रकाराची आद्य लेखिका म्हटले जाते. कोझी म्हणजे उबदार, घरगुती. हे नाव बाईंच्या उमेदीच्या काळात प्रचारात नव्हते. ते पुढे, मुख्यतः अमेरिकेत, रुजले. तिथे या प्रकाराच्या चाहत्यांचे ‘मॅलिस डोमेस्टिक’ नावाचे संमेलन १९८९ पासून भरते आणि त्यात दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचे नावच ‘अगाथा’ आहे.

या प्रकाराचे नियम साधे आहेत. गाव लहान असावे किंवा घर मोठे असावे, म्हणजे संशयितांची संख्या बोटांवर मोजता येते. शोध घेणारी व्यक्ती बहुधा पोलिसांतली नसते. खून होतो, पण रक्तपात वाचकाच्या डोळ्यांदेखत होत नाही. शेवटी सगळ्यांना एका दिवाणखान्यात बसवून उलगडा होतो आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते. कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ मध्ये रहस्यकथेवर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, अशा कथेतला समाज आधी निष्पाप भासतो, खुनाने तो डागाळतो, आणि गुन्हेगार सापडल्यावर उरलेल्या सर्वांची संशयातून सुटका होते. वाचकाला मिळणारे समाधान या सुटकेचे असते. वर्षाच्या अखेरीस, घरात सगळे जमलेले असताना, अशी गोष्ट वाचावीशी का वाटते याचे उत्तरही त्यातच आहे.

ख्रिस्तीबाईंची मिस मार्पल सेंट मेरी मीड या खेड्यात राहते, विणकाम करते, बागेत काम करता करता शेजाऱ्यांवर नजर ठेवते. १९२७ च्या डिसेंबरमध्ये एका मासिकातील कथेतून ती प्रथम अवतरली आणि १९३० मध्ये ‘द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज’ या कादंबरीने घराघरांत पोहोचली. पण ‘उबदार’ या शब्दाने फसू नये. पहिल्या महायुद्धात टॉर्की या आपल्या जन्मगावी बाईंनी इस्पितळाच्या औषधालयात काम केले होते. विषांची मात्रा त्यांना पुस्तकी नव्हे तर हाताने मोजून ठाऊक होती. १९१६ मध्ये लिहिलेली आणि १९२० मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची पहिली कादंबरी ‘द मिस्टीरियस अफेअर अ‍ॅट स्टाइल्स’ याच ज्ञानावर उभी आहे. ऊब मांडणीत आहे. माणसांबद्दलचा अंदाज मात्र थंड आणि अचूक आहे.

वसंत : मातीची खोली

१९२६ हे बाईंच्या आयुष्यातले सर्वांत वाईट वर्ष. आई गेली, पतीने दुसऱ्या स्त्रीसाठी घटस्फोट मागितला, आणि डिसेंबरमध्ये त्या अकरा दिवस बेपत्ता झाल्या. हॅरोगेटच्या एका हॉटेलात त्या सापडल्या. या प्रसंगावर नंतर ढीगभर लिहिले गेले. बाईंनी स्वतः आत्मचरित्रातही तो टाळला. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते दोन वर्षांनी घडले. घटस्फोटानंतर १९२८ च्या शरदात त्या एकट्याच ओरिएंट एक्सप्रेसने निघाल्या आणि पुढे बगदादला पोहोचल्या. तिथून लेनर्ड वूली यांचे उर येथील उत्खनन पाहायला गेल्या. १९३० मध्ये त्या पुन्हा तिथे गेल्या तेव्हा वूलींचे तरुण सहायक मॅक्स मॅलोवन यांच्याशी ओळख झाली. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला एडिनबरोत दोघांचे लग्न झाले. मॅलोवन त्यांच्यापेक्षा जवळजवळ चौदा वर्षांनी लहान होते.

पुरातत्त्वज्ञाशी लग्न म्हणजे ऋतूंशी लग्न. इराक-सीरियात पावसात खणता येत नाही आणि कडक उन्हाळ्यातही नाही. मधले जे महिने मिळतात, मुख्यतः वसंताचे, ते उत्खननाचे. निनवे, अर्पाचिया, मग सीरियातले चागर बाजार आणि तेल ब्राक असे मॅलोवन यांचे उत्खनन तिसाच्या दशकात चालले आणि बाई जवळजवळ प्रत्येक हंगामात सोबत राहिल्या. त्या पाहुण्या म्हणून बसून राहत नसत. सापडलेल्या वस्तूंची छायाचित्रे काढणे, खापरांचे तुकडे जुळवणे, नोंदी ठेवणे ही कामे त्यांच्याकडे असत. उरलेल्या वेळात टाइपरायटर.

या प्रवासांनी त्यांच्या कादंबऱ्यांना नुसती दृश्ये दिली असे नाही. कथानकाचे सांगाडेही दिले. १९३१ च्या डिसेंबरमध्ये निनवेहून एकट्या परतताना त्यांची ओरिएंट एक्सप्रेस पावसाने लोहमार्ग वाहून गेल्यामुळे अडकून पडली. अडकलेली आगगाडी आणि तिच्यातले नाना देशांचे प्रवासी हा अनुभव ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्सप्रेस’ या १९३४ च्या कादंबरीत आला. पुस्तकात पाऊस नाही, बर्फ आहे. बर्फाने गाडीही अडते आणि बाहेरून कुणी आले-गेले नाही याची खूणही राहते. ते पुस्तक मॅलोवन यांना अर्पण केले आहे आणि अर्पणपत्रिकेत स्थळ-काळ दिला आहे : अर्पाचिया, १९३३. ‘मर्डर इन मेसोपोटेमिया’ (१९३६) तर थेट उत्खननाच्या छावणीतच घडते आणि त्यात बळी जाते ती मोहिमेच्या प्रमुखाची पत्नी.

दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ पासून मॅलोवन यांनी मोसुलजवळ निमरुद येथे काम सुरू केले. हे असिरियन साम्राज्याचे एकेकाळचे राजधानीचे शहर. तिथल्या मोहिमेच्या घराला जोडून बाईंनी स्वतःच्या खर्चाने मातीच्या विटांची एक लहानशी खोली बांधून घेतली. खर्च आला पन्नास पौंड. एका सहकाऱ्याने तिच्या दारावर कीलाक्षरांत पाटी लावली : बैत अगाथा, म्हणजे अगाथाचे घर. एक टेबल, एक खुर्ची, खिडकीतून दिसणारे बर्फाच्छादित डोंगर. याच खोलीत २ एप्रिल १९५० रोजी त्यांनी आत्मचरित्र लिहायला घेतले. निमरुदला हस्तिदंताच्या कोरीव वस्तू मोठ्या संख्येने सापडल्या. त्यांच्या खाचांत बसलेली माती बाईंनी विणकामाच्या बारीक सुईने आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमने काढली. मिस मार्पलची सुई आणि पुरातत्त्वाची सुई यांत फारसे अंतर नव्हते, असे म्हणायला हरकत नाही. दोन्हीकडे काम एकच : पुसट झालेले इजा न करता वर आणणे.

उन्हाळा : ग्रीनवे

उन्हाळा इंग्लंडचा. १९३८ मध्ये बाईंनी डेव्हन परगण्यात, डार्ट नदीच्या काठी उंचावर असलेले ग्रीनवे हे जुने घर सहा हजार पौंडांना घेतले. युद्धात ते सरकारने ताब्यात घेतले आणि तिथे अमेरिकन तटरक्षक दलाचे अधिकारी राहिले. त्यांच्यापैकी एकाने वाचनालयाच्या भिंतीवर, छताखालच्या पट्टीत, आपल्या दलाच्या युद्धप्रवासाची चित्रे रंगवली. घर परत मिळाल्यावर ती पुसून देऊ का असे विचारले गेले, तेव्हा बाईंनी ती तशीच राहू दिली. आजही ती तिथे आहेत. घर आता नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे आणि २००९ पासून लोकांना पाहता येते.

ग्रीनवे हे लिहिण्याचे घर नव्हते. मुलगी, जावई, नातू, मित्र असे सगळे तिथे सुट्टीला जमत. नदीवर जाणे, बागेतली झाडे, भरपूर जेवण. पण लेखनाचा एक संस्कार तिथे पार पडे. रात्रीच्या जेवणानंतर दिवाणखान्यात बाई नव्या पुस्तकाचे हस्तलिखित मोठ्याने वाचून दाखवत. घरातल्यांनी खुनी कोण ते ओळखायचे. छापील पुस्तक लाखो घरांत जाण्याआधी एका घरात अशी त्याची परीक्षा होई. शेगडीभोवती बसून ऐकण्याची जी गोष्ट वाचक डिसेंबरात विकत घेत, ती आधी खरोखरच बसून ऐकली गेलेली असे. या घराचा आराखडा, नदीकाठचे होड्यांचे घर, चढणीच्या वाटा ‘डेड मॅन्स फॉली’ (१९५६) या कादंबरीत वाचकाला सापडतात.

वह्या

मग लिहिणे केव्हा आणि कुठे? सगळीकडे. बाईंना लेखनासाठी खास खोलीची गरज फार वर्षे वाटली नाही. न डगमगणारे टेबल आणि टाइपरायटर पुरे. पत्रकार छायाचित्र काढायला येत आणि लेखनाची जागा दाखवा म्हणत, तेव्हा काय दाखवावे असा त्यांना प्रश्न पडे. खरे काम त्याआधी, वह्यांत होई. त्यांच्या ७३ वह्या उपलब्ध आहेत. त्यांचा अभ्यास करून जॉन करन यांनी २००९ मध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. वह्या म्हणजे शिस्तीचा नमुना असेल अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती फोल ठरते. एकाच पुस्तकाची टिपणे तीन-चार वह्यांत विखुरलेली. मध्येच बाजाराच्या याद्या, प्रवासाचे तपशील, घरखर्च. खुनी कोण हेही अनेकदा सुरुवातीला ठरलेले नसे. पर्यायांना अ, ब, क अशी अक्षरे देऊन बाई ते जुळवून पाहत.

शिस्त वहीत नव्हती, वर्षात होती. वह्या कितीही विस्कळीत असल्या तरी उत्खननाचा हंगाम ठरलेला, ग्रीनवेचा उन्हाळा ठरलेला, आणि वर्षाखेर पुस्तक ठरलेले. कशाही रीतीने सुचलेली गोष्ट या तीन खुंट्यांना बांधली की ती पुस्तक होऊन बाहेर पडे. ‘आधी स्फूर्ती, मग लेखन’ असे मानणाऱ्यांना हे गिरणीच्या भोंग्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात या ठरलेल्या चक्राने बाईंना एक मोकळीक दिली. दरवर्षी श्रेष्ठ कलाकृती देण्याचे ओझे त्यांच्यावर नव्हते. एक नीट रचलेली गोष्ट द्यायची होती. त्या मोकळिकीतच त्यांनी प्रकाराचे एकेक नियम मोडून पाहिले.

नोव्हेंबर

हे वार्षिक वेळापत्रक पहिल्यापासून इतके घट्ट नव्हते. तिसाच्या दशकात बाईंचा झपाटा मोठा होता. एकट्या १९३६ साली त्यांच्या तीन कादंबऱ्या आल्या, आणि त्या वर्षभरात विखुरलेल्या होत्या. युद्धानंतर चित्र पालटले. वय वाढले, नाटकांकडे लक्ष गेले. २५ नोव्हेंबर १९५२ रोजी लंडनला सुरू झालेले ‘द माउसट्रॅप’ पुढे जगातले सर्वांत दीर्घकाळ चाललेले नाटक ठरले. शिवाय प्राप्तिकराचा जाच होता. १९५५ मध्ये ‘अगाथा ख्रिस्ती लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. लेखिका म्हणजे आता एक संस्था झाली होती.

पुस्तक वर्षाला एक, आणि तेही हंगामात. पुढच्या तारखा पाहाव्यात : ‘४.५० फ्रॉम पॅडिंग्टन’ ४ नोव्हेंबर १९५७. ‘ऑर्डील बाय इनोसन्स’ ३ नोव्हेंबर १९५८. ‘कॅट अमंग द पिजन्स’ २ नोव्हेंबर १९५९. ‘द पेल हॉर्स’ ६ नोव्हेंबर १९६१. ‘द क्लॉक्स’ ७ नोव्हेंबर १९६३. आपल्याकडे दिवाळी अंक स्टॉलवर लागण्याची वेळ जशी ठरलेली, तशीच ही. नाताळच्या खरेदीला दीड-दोन महिने असताना पुस्तक दुकानात पोहोचे, वर्तमानपत्रांतून परीक्षणे येत, आणि डिसेंबर लागेपर्यंत ते कागदात बांधून कुणाच्या तरी नावाने तयार असे.

गंमत अशी की प्रत्यक्ष नाताळ या पुस्तकांत क्वचितच येतो. ‘हर्क्यूल पॉयरोज ख्रिसमस’मध्ये तो आहे, पण कौतुकाने नव्हे. एक श्रीमंत, खवट म्हातारा वर्षानुवर्षे दुरावलेल्या मुलांना सणासाठी वाड्यावर बोलावतो आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी आतून बंद असलेल्या खोलीत त्याचा खून होतो. पॉयरोचे म्हणणे असे की, सणाला गोड वागण्याची सक्ती असते, आणि त्या सक्तीच्या ताणानेच जुने राग उफाळतात. दिवाळीला वडिलोपार्जित घरी जमणाऱ्या भावंडांना हे परके वाटणार नाही. हे पुस्तक बाईंनी आपल्या मेव्हण्याला अर्पण केले. तुझे खून अलीकडे फार सोवळे होऊ लागलेत, एखादा चांगला रक्ताळलेला येऊ दे, अशी त्याची तक्रार होती.

दुसरा नाताळ १९६० च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग’ या संग्रहातला. तो अगदी निराळा आहे. खेड्यातल्या थंडगार वाड्यात जायला पॉयरो नाखूश आहे. तिथे पाणी तापवण्याची आणि घर उबदार ठेवण्याची आधुनिक सोय आहे असे कळल्यावरच तो तयार होतो. कॉनन डॉयल यांच्या १८९२ च्या होम्सकथेत नाताळच्या हंसाच्या पोटात रत्न सापडते; इथे पुडिंगमध्ये माणिक. संग्रहाच्या प्रास्ताविकात बाईंनी लहानपणी आईबरोबर बहिणीच्या सासरी, अ‍ॅबनी हॉल या मोठ्या घरी, साजऱ्या केलेल्या नाताळांची आठवण सांगितली आहे. त्यांचे वडील १९०१ मध्ये वारले, बाई तेव्हा अकरा वर्षांच्या होत्या. वडिलांविना झालेल्या घरातली मुलगी दुसऱ्यांच्या भरल्या घरात जाऊन सण अनुभवते. सत्तरीला पोहोचलेल्या लेखिकेने ती ऊब परत मांडली आहे. वाचकांना दर नोव्हेंबरात पोहोचवलेल्या उबेचा उगम शोधायचा तर तो इथे, थोडासा उणिवेत, सापडतो.

शेवटचे नाताळ

ऋतुचक्राची एक अडचण असते : ते थांबत नाही. निमरुदचे दिवस पन्नासचे दशक सरता सरता संपले. आत्मचरित्र १९६५ मध्ये वॉलिंगफर्डच्या घरी पूर्ण झाले. नोव्हेंबर मात्र येतच राहिला. १९७० मध्ये, ऐंशीव्या वाढदिवसाला, ‘पॅसेंजर टु फ्रँकफर्ट’. १९७१ मध्ये ‘नेमेसिस’. १९७२ मध्ये ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’. १९७३ मध्ये ‘पोस्टर्न ऑफ फेट’. ही शेवटची कादंबरी वाचताना जुन्या वाचकालाही चुकल्यासारखे होते. पात्रे तेच ते बोलतात, धागे हातातून सुटतात, वर्षांचे हिशेब जुळत नाहीत. जिच्या कथेत एक घड्याळसुद्धा उगाच वाजत नसे, त्या लेखिकेच्या पुस्तकात उत्तरे न मिळालेले प्रश्न उरतात.

२००९ मध्ये टोरांटो विद्यापीठातील इयन लँकाशायर आणि ग्रॅम हर्स्ट यांनी बाईंच्या वेगवेगळ्या वयांतल्या कादंबऱ्यांची भाषा संगणकाने तपासली. उतारवयातल्या पुस्तकांत शब्दसंपत्ती घटलेली, वाक्प्रयोगांची पुनरावृत्ती वाढलेली आणि ‘काहीतरी’, ‘कसलंसं’ अशा मोघम शब्दांचे प्रमाण चढलेले त्यांना आढळले. ‘एलिफंट्स कॅन रिमेंबर’मध्ये शब्दसंपत्तीतली घट सुमारे तीस टक्के होती. हे स्मृतिभ्रंशाचे लक्षण असू शकेल असे त्यांनी सुचवले. बाईंच्या हयातीत असे निदान झालेले नव्हते, आणि पुस्तकावरून रोग ठरवताना जपूनच राहायला हवे. पण एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. ही कादंबरी स्मरणाविषयीच आहे. जुन्या मृत्यूंचा शोध घेण्यासाठी एरिअ‍ॅडनी ऑलिव्हर ही वयस्क रहस्यकथालेखिका विसराळू म्हाताऱ्या ओळखीच्यांना भेटत फिरते. कुणाला अर्धे आठवते, कुणाला चुकीचे. मिसेस ऑलिव्हर हे बाईंनी स्वतःचेच काढलेले विनोदी चित्र होते. आठवण निसटत चाललेली लेखिका आठवणींच्या भरवशावर सत्य शोधते, हे कथानक निवडताना बाईंना काय जाणवत होते, याचा तर्क वाचकाने आपापल्या मनाशी करावा.

ही पुस्तके छापावीत की नाही, हा प्रश्न त्या वेळी कुणाला पडला असेल? दुकानांत मागणी होती. वाचक वाट पाहत होते. आणि ‘पोस्टर्न ऑफ फेट’ खपलेही. ज्या वेळापत्रकाने चार दशके लेखिकेला सांभाळले, ते आता लेखिकेकडून ओढून घेत होते. यात कुणी एक दोषी दाखवता येत नाही. प्रकाशक, घरचे, वाचक आणि कदाचित स्वतः बाई, सगळेच त्या दिवाणखान्यात बसलेले होते.

१९७४ मध्ये नवी कादंबरी आलीच नाही. तिच्या जागी पॉयरोच्या अठरा जुन्या कथांचा संग्रह काढला गेला. मग तिजोरी उघडावी लागली. युद्धाच्या काळात, लंडनवर बॉम्ब पडत असताना, बाई शहरातच राहून एका इस्पितळाच्या औषधालयात पुन्हा काम करत होत्या. आपण यातून वाचलो नाही तर मागे राहणाऱ्यांचे काय, या विचाराने त्यांनी दोन कादंबऱ्या लिहून ठेवल्या. पॉयरोची शेवटची कथा ‘कर्टन’ मुलीच्या नावे, आणि मिस मार्पलची ‘स्लीपिंग मर्डर’ पतीच्या नावे. दोन्ही हस्तलिखिते सुरक्षित ठेवली गेली. १९७५ च्या सप्टेंबरमध्ये ‘कर्टन’ आले. त्याआधीच, ६ ऑगस्टला, ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पॉयरोचा मृत्युलेख पहिल्या पानावर छापला. एका काल्पनिक माणसाला मिळालेला हा मान विलक्षणच. १२ जानेवारी १९७६ रोजी वॉलिंगफर्डच्या घरी ख्रिस्तीबाईंचे निधन झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ‘स्लीपिंग मर्डर’ प्रसिद्ध झाले, आणि लेखिकेविना आलेल्या नाताळलाही एक ख्रिस्ती होते.

ही रीत संपली असे नाही. रिचर्ड ऑस्मन यांच्या ‘द थर्सडे मर्डर क्लब’ या मालिकेची पहिली चार पुस्तके २०२० ते २०२३ या काळात ओळीने दर सप्टेंबरला आली. वृद्धाश्रमासारख्या वसाहतीतली चार म्हातारी माणसे, खून, चहा-केक आणि विनोद. ब्रिटिश लायब्ररीने जे. जेफर्सन फारजन यांची ‘मिस्ट्री इन व्हाइट’ ही १९३७ ची विस्मरणात गेलेली नाताळी रहस्यकथा २०१४ मध्ये पुन्हा काढली आणि त्या हिवाळ्यात ती धडाक्याने खपली. वर्षाच्या काळोख्या टोकाला, सगळे ठीक होईल असे सांगणारी खुनाची गोष्ट लोकांना आजही लागते.

आपल्याकडेही ज्येष्ठ-आषाढात संपादकांचे फोन सुरू होतात : दिवाळीसाठी काहीतरी द्या. देणाऱ्यांत असेही काही असतात, ज्यांना देणे आता कठीण झालेले असते आणि नाही म्हणणे त्याहून कठीण. आपण वाचक ते नाव अनुक्रमणिकेत पाहून समाधान पावतो, मजकूर थोडा पातळ लागला तरी. ख्रिस्तीबाईंच्या अखेरच्या वर्षांकडे पाहताना हे ध्यानात ठेवलेले बरे. त्यांच्या शेवटच्या दोन नव्या पुस्तकांत पुन्हा जुनी धार दिसली आणि वाचक सुखावले. ती दोन पुस्तके मात्र पंचाऐंशी वर्षांच्या थकलेल्या बाईंनी लिहिलेली नव्हती. ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वी, पन्नाशीतल्या एका स्त्रीने, दिवसभर औषधे मोजून झाल्यावर, उद्याची खात्री नसताना आपल्या माणसांसाठी लिहून ठेवली होती.